चार खुणांची जागा

३ फेब्रुवारी

ही वही खरं तर माझी नाही. तळ्याचा आराखडा करायला आलेल्या बाईंनी सभांचा वृत्तांत लिहायला दिली आहे. पुढून सभा लिहायच्या. मागून मी माझं लिहायला सुरुवात केली आहे. दोन्ही बाजू कुठेतरी भेटतील तेव्हा वही संपेल.

सभा शाळेत झाली, मी सातवीपर्यंत शिकलो त्याच खोलीत. बाकं अजून तेवढीच लहान आहेत. गावच्या चौदांपैकी आम्ही तेरा होडीवाले गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. बायका मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्याच जास्त बोलल्या. धुण्याचे दगड पिण्याच्या पाण्यापासून लांब हवेत, बर्फाच्या कारखान्याचं घाण पाणी तळ्यात नको, लव्हाळी कोणी जाळू नये. सगळं लिहून घेतलं.

बाईंनी फळ्यावर तळ्याचा मोठा कागद लावला. काठावर सगळं होतं. रस्ता, घरं, पाण्याची टाकी, शाळासुद्धा. मधे नुसता निळा रंग. पस्तीस वर्षं मी त्या निळ्यात जातो आहे. कोणी माझ्या घराचं चित्र काढावं आणि फक्त कुंपण दाखवावं, तसं वाटलं.

बाई म्हणाल्या, दहा वर्षांत मासा निम्म्यावर आला आहे. मासे अंडी घालतात त्या जागा तीन वर्षं बंद ठेवल्या तर तो परत येईल. त्या जागा कुठल्या हे गावाने सांगायचं. एकतीस मार्चपर्यंत सांगितलं नाही तर वरची कचेरी स्वतः ठरवणार. कशी, तेही त्यांनी दाखवलं. कागदावर लाकडी पट्टी आडवी ठेवली. "ह्या रेघेच्या पूर्वेला तीन वर्षं एकही होडी जाणार नाही."

पूर्वेचं पाणी उथळ. आमच्या चौदांपैकी अकरा होड्यांचं पोट त्यावर.

एकवल्ह्या म्हणाला, "पट्टीने तळं मोजणाऱ्याला पोहता येतं का, ते आधी विचारा." एका वल्ह्याने होडी चालवतो म्हणून त्याचं हे नाव. त्याचं दुसरं वल्हं कुठे गेलं हा गावातला जुना वाद आहे.

लेखनिक कोण, असं बाईंनी विचारलं तर बुडबुड्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "अक्षर चांगलं आणि तोंड बंद. असा माणूस गावात एकच." बुडबुड्या स्वतः पाण्याखालीसुद्धा बोलेल.

दादा दाराशी उभा होता. सभा संपायच्या आधीच निघून गेला. आमच्या घरांची एक भिंत सामाईक आहे आणि नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

६ फेब्रुवारी

बाईंना वाटतं, जागा सांगायच्या म्हणजे बोट दाखवायचं. पाण्यात बोट कुठे दाखवणार? आज जाळी धुताना मी त्यांना समजावलं. काठावरच्या दोन वस्तू एकामागे एक दिसल्या की आपण एका रेघेवर असतो. दुसऱ्या दिशेला आणखी दोन वस्तू तशाच जुळल्या की दुसरी रेघ मिळते. दोन रेघा जिथे कापतात तिथे जाळं टाकायचं. बाबा म्हणायचे, दोन खुणांची वाट, चार खुणांची जागा.

बाई हरखल्या. वहीत उतरवून घेत म्हणाल्या, "मग प्रत्येकाने आपल्या चार खुणा सांगितल्या की झालं!"

मला हसू आलं. चार खुणा माणूस बायकोलाही सांगत नाही. बाप मरताना सांगतो, तोही एकालाच.

बाबांनी मला सांगितल्या. शेवटच्या आठवड्यात, हात धरून. "कुणाला सांगू नकोस." पुढे काही दिवसांनी दादाने होडीपाशी विचारलं, "बाबांनी तुला एखादी जागा सांगितली का रे?" मी नाही म्हणालो. बापाला दिलेला शब्द मोठा की भावाला दिलेलं उत्तर मोठं? मी शब्द मोठा मानला. दादा वळून गेला, तो गेलाच. जागा थोरल्याला मिळायला हवी होती असं त्याला वाटत असणार. त्यात त्याचंही चुकलं नाही.

९ फेब्रुवारी

बाईंनी तोडगा काढला. प्रत्येकाने एकेकट्याने शाळेच्या खोलीत यायचं. आत फक्त बाई आणि मी. कोणी काय सांगितलं हे बाहेर जाणार नाही. कागदावर नुसता ठिपका आणि नंबर.

"सुरुवात तुमच्यापासून करू," बाई म्हणाल्या. माझ्या हातात पेन्सिल होती.

इथे खरं लिहायचं नाही तर कुठे लिहायचं? मी बाबांची जागा सांगितली नाही. दादाची सांगितली. काळ्या बांधाजवळची, ती मला लहानपणापासून माहीत आहे. ठिपका काढला आणि बाजूला एक नंबर लिहिला, पहिला. बाई म्हणाल्या, "किती सुबक काढलात!"

घरी येऊन देवापुढे हात जोडले. तसाच उठलो.

१३ फेब्रुवारी

आतापर्यंत आठजण आले. प्रत्येकजण आत येताना मागे वळून बघतो, दार लागलं का ते तपासतो आणि मग खोटं बोलतो.

एकवल्ह्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "दक्षिणेची लव्हाळी. बापजाद्यांची जागा, देवाशपथ." तो जन्मात दक्षिणेला गेलेला नाही. रोज पहाटे माझ्या डोळ्यांसमोर उत्तरेला जातो. बुडबुड्याने उत्तरेचा खड्डा सांगितला, आणि त्याची होडी मी कायम दक्षिणेला पाहिली आहे. "इथल्या माशांना मी नावानिशी ओळखतो," असंही वर म्हणाला.

मी मुकाट्याने ठिपके काढतो आहे. बाई खूष आहेत. त्यांना कसं सांगू की हा सगळा कागद खोट्याचा आहे? आणि सांगणारा मी कोण, एक नंबरचा ठिपका माझाच.

१६ फेब्रुवारी

दादा आला. सर्वांत शेवटी.

माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला आणि बाईंना म्हणाला, "लिहिणाऱ्याला सांगा, पेन्सिलीला टोक करा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना म्हटलं, "टोक आहे म्हणावं."

"ते म्हणतात, टोक आहे," बाई म्हणाल्या. त्या हुशार आहेत. दोन वाक्यांत त्यांना सगळं कळलं आणि पुढे न हसता त्यांनी निरोप पोचवायचं काम केलं.

दादाने चार खुणा सांगितल्या, सावकाश. काळा बांध आणि त्यामागचं वाकडं झाड. बर्फाचा कारखाना आणि धक्क्याचा खांब. त्याची स्वतःची जागा. चौदांत हा एकच माणूस खरं बोलला.

बाई म्हणाल्या, "इथे आधीच ठिपका आहे. एक नंबरचा."

दादा कागदावर वाकला. "पहिला मान लिहिणाऱ्याचा असेल," म्हणाला. एवढंच. आवाजही चढवला नाही.

बाईंनी विचारलं, "आणखी कुठली जागा माहीत आहे तुम्हाला?"

"दुसऱ्याची जागा मी सांगत नाही."

तो गेल्यावर मी टोक पुन्हा करत बसलो. त्याच्या पायजम्यावर चुन्याचे वाळलेले डाग होते. अंगणात त्याची चुन्याची बादली वर्षभर झाकून ठेवलेली असते. घराच्या भिंती मात्र मातीच्या मातीच. विचित्र माणूस.

१७ फेब्रुवारी

शेवटी हिला सांगितलं. ही भाकऱ्या करत होती. सगळं ऐकून हसायला लागली.

"हसायला काय झालं? सगळे खोटं बोलले."

"अहो, खोटं काय बोलले? एकवल्ह्याने बुडबुड्याची जागा सांगितली, बुडबुड्याने एकवल्ह्याची. मालकाचं नाव खोटं, जागा खरीच की! आपली लपवायची म्हणून सगळ्यांनी शेजाऱ्याची देऊन टाकली."

मी वही काढली आणि एकेक नंबर पाहत गेलो. खरंच तसं निघालं. कोणी एक सांगितली, कोणी तीन. काही जागांवर तीन-तीन नंबर पडले आहेत. खोट्याखोट्याने कागद खरा भरला. अशी गंमत मी आजवर पाहिली नव्हती. बाईंना नंतर सांगितलं तर त्या खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या.

चौदा होड्या, तेरा जागा कागदावर आल्या. चौदावी कुणीच सांगितली नाही. बाबा, तुमची जागा कुणालाच माहीत नाही. तुम्ही शहाणे होता.

ही तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "कुणालाच कशी माहीत नाही? तुम्ही काय पाण्याखालून जाता? लिहायला तुम्हीच बसलात, तुमच्यासमोर तुमची कोण सांगणार?"

मी वही मिटली.

२ मार्च

बाईंनी एक पेटी आणली आहे. लाकडी, तळाला काच बसवलेली. पाण्यावर टेकवायची आणि वरून डोकं आत घालायचं. पस्तीस वर्षं ज्याच्यावर फिरलो त्याच्या आत मी आज पहिल्यांदा पाहिलं.

खाली गवत आहे. ते वारा असल्यासारखं हलतं. पाचव्या जागेवर प्रत्येक पात्याला मोहरीएवढी अंडी चिकटलेली होती, आतून पारदर्शक आणि मधे काळा ठिपका. ते ठिपके म्हणजे पिल्लांचे डोळे, असं बाई म्हणाल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. कच्ची पेटी, तिच्यात तळ्याचं पाणी शिरलं असेल.

तपासलेल्या सहाही जागा बरोबर निघाल्या. देव किती ठिकाणी काम करत असतो आणि आपण वरून जाळं टाकत असतो.

१० मार्च

तेराही तपासून झाल्या. अंडी आहेत, पण विरळ. बाईंनी कागदाची घडी केली. म्हणाल्या, "एवढ्यावर तळं भरणार नाही. माशांची मूळ जागा कुठेतरी वेगळी असणार. मोठी." मग मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "असेल."

१२ मार्च

पेटी मागून घेतली आणि एकटाच गेलो.

पाण्याची टाकी शाळेच्या छपराच्या टोकावर आणली. मग भेगाळ खडकाच्या वर पांढरा दगड आणला. पूर्वी तिथे दगड नव्हता, वीटभट्टीचं धुराडं होतं. सात वर्षांपूर्वी ते पाडलं तेव्हा मी दोन महिने आंधळ्यासारखा फिरलो. चौथी खूण गेली म्हणजे जागा गेली. आणि एके सकाळी बघतो तर धुराड्याच्याच रेघेत, टेकडीच्या उतारावरच्या दगडाला कोणीतरी चुना फासलेला! मोजणीवाल्यांची खूण असावी. पण नेमकी तिथे? मी त्या दिवशी होडीत उभा राहून देवाचे आभार मानले. दर पावसाळ्यात चुना धुपतो आणि पाऊस उघडला की पुन्हा पांढरा होतो. मोजणीवाले काम चोख करतात.

पेटीत डोकं घातलं. गवत दिसेना, एवढी अंडी. पात्यावर पातं वाकलेलं होतं. जिथवर काच दाखवत होती तिथवर तेच.

बाबांची जागा म्हणजे तळ्याचं घर आहे. मी दर वर्षी ह्याच दिवसांत इथे जाळं टाकतो, आणि मासा का कमी झाला म्हणून सभेला जाऊन बसतो.

१५ मार्च

सरळ हिशेब आहे. गप्प राहिलो तर सगळ्यांच्या जागा बंद आणि माझी उघडी. तीन वर्षं तळ्यात मी राजा. पण तीन वर्षांनी तळ्यात मासाच नसेल.

सांगितलं तर बाबांचा शब्द मोडतो. आणि दादाला कळतं की नऊ वर्षांपूर्वी मी तोंडावर खोटं बोललो. खरं म्हणजे मला ह्या दुसऱ्या गोष्टीचीच भीती जास्त वाटते. बाबांचं नाव मी पुढे करतो आहे.

देवाला विचारलं. तो ऐकतो, पण सभेत उठून बोलत नाही.

२१ मार्च

ताप. काठावर ओढलेल्या होडीसारखा आडवा आहे.

२३ मार्च

वहिनी नळावर भेटल्या. ताप उतरला का विचारलं. मग घागर भरत असताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? तुम्हाला काय वाटतं, हे तुमच्यावर कशासाठी रुसलेत?"

"जागेसाठी."

"जागेसाठी!" त्यांनी घागर खाली ठेवली. "मामंजींनी ती जागा आधी ह्यांनाच दाखवली होती. लग्न झालं त्या वर्षी. म्हणाले होते, तुझ्या अंगात जोर आहे, तू खोल पाण्यातही जाशील. ही धाकट्यासाठी ठेव. ह्यांना काय ती माहीत नव्हती?"

नळ वाहत होता. मी बंद केला.

"मग मला विचारलं कशाला?"

"तुम्ही हो म्हणाला असतात तर सांगायचं होतं, की धुराडं कललंय, पडायच्या आत दुसरी खूण बघून ठेव. तुम्ही नाही म्हणालात. जागेचं काही नाही हो. तोंडावर खोटं बोललात, तेवढं लागलं. आणि तुमचे दादा म्हणजे... बैलाने एकदा मान फिरवली की फिरवली."

घागर उचलून त्या गेल्या. माझी रिकामीच राहिली. घरी आल्यावर ही म्हणाली, "नळाला पाणी नव्हतं का?"

३० मार्च

आज सभा. कागदावर सह्या व्हायच्या होत्या. पुढच्या पानांवर वृत्तांत लिहिला आहे, पण लेखनिकाने स्वतःबद्दल तिथे लिहायचं नसतं म्हणून इथे.

बाईंनी तेरा जागा वाचून दाखवल्या. कुणाला काही बोलायचं आहे का, असं विचारलं. मी उठलो. गुडघा बाकाला आपटला.

"एक जागा राहिली," मी म्हटलं. "माझी. टाकी शाळेच्या छपराच्या टोकावर. आणि भेगाळ खडकावर पांढरा दगड. सगळ्यांत मोठी तीच आहे. आणि एक नंबरचा ठिपका मी काढला होता. तो माझ्या भावाच्या जागेचा होता."

 मग एकवल्ह्याने कपाळावर हात मारला.

"म्हणजे तो चुना ह्यासाठी होय!"

"कसला चुना?" बाईंनी विचारलं.

"अहो, ह्याचा दादा दर वर्षी पाऊस उघडला की बादली घेऊन टेकडी चढतो. आम्ही म्हणायचो, घराला चुना नाही आणि डोंगराला लावतो! वेड लागलं म्हणून सोडून दिलं."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?" मी विचारलं.

बुडबुड्या, जो पाण्याखालीही बोलेल, तो हळूच म्हणाला, "तुम्हा दोघांच्या मधे कोण पडणार, बाबा?"

मी दाराकडे पाहिलं. दादा आज गेला नव्हता. चौकटीला टेकून वर छपराकडे बघत होता, जणू छपराची लाकडं मोजायला त्याला बोलावलं आहे.

बाईंनी चौदावा ठिपका काढायला पेन्सिल माझ्याकडे दिली. ह्या वेळी ठिपका सुबक आला नाही. जागेच्या नावाचा रकाना होता. मी म्हटलं, "दादाची जागा लिहा." दाराकडून आवाज आला, "बाई, लिहिणाऱ्याला सांगा, बाबांची लिहा." बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, पांढरा दगड.

सह्या झाल्या. पट्टीची रेघ आता पडणार नाही.

सात वर्षं मी देवाचे आभार मानत आलो. ते वाया गेले असं म्हणणार नाही. पण देव चुना कुणाच्या अंगणातून नेतो हे मला शोधता आलं असतं. भिंतीपलीकडेच बादली होती.

८ नोव्हेंबर

बऱ्याच महिन्यांनी वही उघडली. दोन्ही बाजूंमधे दीडच पान उरलं आहे.

जाळं चौदाही जागांपासून लांब टाकतो आहोत. मासा थोडाच मिळतो. उन्हाळ्यात एकवल्ह्या दोनदा चोरून आत गेला आणि दोन्ही वेळा बुडबुड्याने पकडला, कारण तोही तिथेच चालला होता.

पाऊस उघडला. सकाळी मी चुना कालवला, ब्रश घेतला आणि टेकडी चढलो. खूण आता सगळ्यांनाच लागते, जाळं कुठे टाकायचं नाही ते कळायला. दगड जवळून केवढा मोठा आहे! पाण्यातून नखाएवढा दिसतो. निम्मा रंगवून झाला तेव्हा मागे चपला वाजल्या. दादा येऊन शेजारच्या दगडावर बसला. 

मग म्हणाला, "वरचा कोपरा राहिला."

इथे आमच्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. निरोप पोचवणारं कोणी नव्हतं. मी वरचा कोपरा रंगवला.

"पातळ झालाय."

"मग तू लाव," मी म्हटलं.

त्याने माझ्या हातून ब्रश घेतला. मी त्याच्या जागेवर बसलो. तिथून खाली पाहिलं तर भेगाळ खडक आणि त्यापलीकडचं पाणी सरळ समोर होतं. माझी होडी जिथे उभी राहायची ती जागा.

"तू नेहमी चार हात डावीकडे उभा राहायचास," दादा चुना लावता लावता म्हणाला. "धुराड्याची रेघ थोडी उजवीकडून जात होती. नेमका तिच्यावर दगडच नव्हता."

"मग सांगायचं होतंस."

"तू कुठे विचारलंस?"

 सात वर्षं चार हात चुकीच्या ठिकाणी जाळं टाकलं आणि ते दर वेळी भरून वर आलं. म्हणजे जागा माझ्या समजुतीपेक्षा मोठी होती.